'आलात कधी?' या साध्या प्रश्नाचे अवघड उत्तर
घरबसल्या परदेशी काम करणाऱ्यांसाठी युरोपने दारे उघडली; पण प्रवेशाचा पुरावा सांभाळण्याचे ओझे मात्र प्रवाशाच्याच खांद्यावर

विशेष प्रतिनिधी

एखाद्या देशात राहायचे, पण नोकरी दुसऱ्याच देशातील कंपनीची करायची, ही कल्पना करोनाच्या साथीपूर्वी बहुतेक सरकारांच्या कायद्यात बसत नव्हती. २०२० नंतर चित्र झपाट्याने पालटले. पर्यटकांवाचून ओस पडलेल्या बार्बाडोसने जुलै २०२० मध्ये बारा महिन्यांच्या वास्तव्याची योजना आणली आणि तिला नावही दिले 'वेलकम स्टॅम्प'. पाठोपाठ १ ऑगस्ट २०२० पासून एस्टोनियाने डिजिटल नोमॅड व्हिसा सुरू केला. पुढे क्रोएशिया, ग्रीस, पोर्तुगाल, स्पेन, मलेशिया, थायलंड अशी यादी वाढत गेली. लॅपटॉप, इंटरनेट आणि परदेशी चलनातील पगार घेऊन येणारा पाहुणा सर्वांनाच हवासा वाटू लागला.

या व्हिसांची चर्चा होते ती उत्पन्नाची अट, कराचा दर आणि आरोग्यविमा यांभोवती. प्रत्यक्षात अर्ज करताना मात्र अनेकांची गाडी अडते ती एका अगदी प्राथमिक प्रश्नावर. तुम्ही या देशात कोणत्या दिवशी आलात आणि त्याचा पुरावा काय? विमानतळावर उतरून आठवडे उलटलेले असतात, घर भाड्याने घेतलेले असते, आणि तरीही कागदोपत्री त्या देशात प्रवेश केल्याची एकही खूण हाती नसते, असे घडू शकते. किंबहुना युरोपातील सीमारहित रचनेमुळे ते सहज घडते. स्पेनचे उदाहरण या दृष्टीने सर्वांत बोलके आहे.

स्पेनचा उदार कायदा

स्पेनने डिसेंबर २०२२ मध्ये नवउद्योगांना चालना देणारा २८/२०२२ क्रमांकाचा कायदा संमत केला. 'स्टार्टअप कायदा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कायद्याने २०१३ च्या उद्योजकता कायद्यात दुरुस्ती करून 'आंतरराष्ट्रीय दूरस्थ कर्मचारी' असा नवा वर्ग निर्माण केला. अर्जदाराकडे पदवी किंवा किमान तीन वर्षांचा कामाचा अनुभव हवा, परदेशी कंपनी किमान वर्षभर प्रत्यक्ष कार्यरत असावी आणि तिच्याशी असलेला संबंध किमान तीन महिन्यांचा असावा, अशा त्याच्या प्रमुख अटी आहेत. उत्पन्न स्पेनच्या किमान वेतनाच्या दुप्पट असावे लागते. २०२५ मध्ये हे किमान वेतन वर्षाला १४ हप्त्यांत प्रत्येकी १,१८४ युरो होते. म्हणजे अर्जदाराला महिन्याला सुमारे २,७६३ युरो दाखवणे भाग होते.

या कायद्यात दोन वाटा ठेवल्या आहेत. पहिली वाट वकिलातीची. मायदेशातील स्पॅनिश वकिलातीत अर्ज करायचा आणि एक वर्षापर्यंतचा व्हिसा घेऊन निघायचे. दुसरी वाट अधिक आकर्षक आहे. स्पेनमध्ये कायदेशीरपणे असलेली परदेशी व्यक्ती, मग ती पर्यटक म्हणून आलेली का असेना, तिथूनच अर्ज करू शकते. त्याला मंजुरी मिळाली तर थेट तीन वर्षांपर्यंतचा वास्तव्य परवाना मिळतो. हे अर्ज ऑनलाइन पद्धतीने, बहुधा प्रतिनिधीमार्फत, माद्रिदमधील एका खास कार्यालयाकडे जातात. त्यावर २० कामकाजाच्या दिवसांत निर्णय झाला नाही, तर अर्ज मंजूर झाल्याचे मानले जाते. सरकारी दिरंगाईचा फायदा अर्जदाराला देणारी ही तरतूद भारतीय वाचकाला नवलाची वाटेल. शिवाय अर्ज वेळेत दाखल झाला असेल, तर निर्णय होईपर्यंत अर्जदाराचे वास्तव्य कायदेशीरच राहते.

सारी मेख 'कायदेशीरपणे असलेली' या शब्दांत आहे. वास्तव्य कायदेशीर आहे हे ठरवायचे, तर दिवस मोजावे लागतात. दिवस मोजायचे, तर पहिला दिवस कोणता हे ठाऊक हवे. त्यासाठीच अर्जासोबत पारपत्राच्या केवळ छायाचित्राच्या पानाची नव्हे, तर सर्व पानांची प्रत मागितली जाते. तपासणारा अधिकारी त्या पानांत एकच गोष्ट शोधत असतो, प्रवेशाचा शिक्का.

शिक्का फ्रँकफर्टचा, अर्ज माद्रिदचा

शेंगेन क्षेत्रात २९ देश आहेत आणि त्यांच्या आपसांतील सीमांवर सहसा तपासणी होत नाही. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाच्या पारपत्रावर शिक्का उमटतो तो या क्षेत्रात पहिले पाऊल पडते तेथे. मुंबईहून दुबई किंवा दोहामार्गे माद्रिदला गेलेल्या प्रवाशाला माद्रिदच्याच विमानतळावर शिक्का मिळतो. तोच प्रवासी फ्रँकफर्ट, पॅरिस किंवा ॲम्स्टरडॅममार्गे गेला, तर त्याची तपासणी त्या शहरात होते. तिथून माद्रिदला जाणारे विमान देशांतर्गत उड्डाणासारखेच असते. उतरल्यावर सामान घ्यायचे आणि बाहेर पडायचे. फ्रान्समधून रेल्वेने किंवा पोर्तुगालमधून बसने स्पेनमध्ये शिरणाऱ्याला तर सीमा ओलांडल्याचे जाणवतही नाही.

परिणामी, पारपत्र 'ही व्यक्ती अमुक तारखेला जर्मनीत आली' एवढेच सांगते. ती स्पेनमध्ये केव्हा आली, याविषयी ते मौन बाळगते. तिकिटाच्या दोन-चार हजार रुपयांच्या फरकासाठी निवडलेला मार्ग पुढे अर्जाच्या वेळी कसा आडवा येतो, ते येथे दिसते.

कायद्याने यावर उपाय योजलेला नाही असे नाही. शेंगेन कराराच्या अंमलबजावणीसाठी १९९० मध्ये झालेल्या करारनाम्याच्या २२ व्या कलमातच प्रवाशाने संबंधित देशाच्या अधिकाऱ्यांकडे आपल्या आगमनाची वर्दी देण्याची तरतूद आहे. ती प्रवेशाच्या वेळी किंवा त्यानंतर कामकाजाच्या तीन दिवसांत द्यायची असते. स्पेनच्या नियमांत ती 'प्रवेशाची घोषणा' म्हणून आली. शेंगेनमधील दुसऱ्या देशातून आलेल्या परदेशी व्यक्तीने पोलीस ठाण्यात किंवा परकीय नागरिक कार्यालयात जाऊन ही घोषणा करायची आणि तिची शिक्क्यानिशी प्रत घ्यायची. हाच स्पेनमधील आगमनाचा अधिकृत दाखला.

पोर्तुगालमध्येही अशीच तीन दिवसांची घोषणा आहे. तेथे हॉटेलात उतरणाऱ्या पाहुण्याची माहिती हॉटेलच अधिकाऱ्यांना कळवते. त्यामुळे त्याला वेगळी घोषणा करावी लागत नाही. मित्राकडे किंवा खासगी घरात उतरणाऱ्याने मात्र गाफील राहून चालत नाही.

अडचण व्यवहारात आहे. विमानात किंवा विमानतळावर या घोषणेविषयी कोणी सांगत नाही. सर्वसामान्य पर्यटक ती करत नाहीत आणि त्यांचे काही अडतही नाही. पंधरा दिवस भटकून परतणाऱ्याला तिची गरजच पडत नाही. गरज पडते ती पुढे वास्तव्याचा अर्ज करणाऱ्याला, आणि तोपर्यंत तीन दिवसांची मुदत केव्हाच टळून गेलेली असते. ज्याला मुदत ठाऊक असते, त्यालाही स्पेनमधील कार्यालयात वेळेत भेटीची वेळ मिळेलच याची शाश्वती नसते.

मुदत हुकली म्हणजे सर्व संपले, असेही नाही. बोर्डिंग पास, विमानाचे किंवा रेल्वेचे तिकीट, हॉटेलची पावती, भाडेकरार, बँक कार्डाने केलेले व्यवहार यांवरून आगमनाची तारीख पटवून देता येते. मात्र अधिकृत दाखला आणि पूरक कागद यांत फरक आहे. दाखला मान्य करावाच लागतो. पूरक कागदाचे वजन अधिकाऱ्याच्या समाधानावर ठरते. त्यात आजकाल बोर्डिंग पास मोबाइलमध्ये असतो आणि प्रवास संपल्यावर तो ॲपमधून नाहीसाही होऊ शकतो.

भारतीयांसाठी मुदत आणखी अपुरी

अमेरिकी, ब्रिटिश किंवा जपानी नागरिकाला शेंगेन क्षेत्रात व्हिसाविना येता येते. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस ही त्याची मर्यादा. त्यामुळे 'स्पेनमध्ये जा, तीन महिन्यांत कागदपत्रे जमवा आणि तिथूनच अर्ज करा' हा सल्ला सर्रास दिला जातो. भारतीय नागरिकाला तो जसाच्या तसा लागू पडत नाही.

भारतीयाला आधी शेंगेन व्हिसा घ्यावा लागतो आणि त्यावर वास्तव्याचे दिवस छापलेले असतात. सहलीच्या कार्यक्रमानुसार ते पंधरा असतील, वीस असतील. व्हिसाची वैधता महिन्याभराची दिसत असली, तरी राहण्याची मुभा तेवढ्याच दिवसांची असते. प्रवेशाचा आणि परतीचा असे दोन्ही दिवस त्यात धरले जातात. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने भारतीयांसाठी नियम सैल केले. मागील तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन त्यांचा नीट वापर केलेल्यांना दोन वर्षांचा आणि त्यानंतर पाच वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळण्याची सोय झाली. अशा व्हिसाधारकांना ९० दिवसांची मुभा वापरता येते. पण पहिल्यांदाच युरोपला निघालेल्या पुण्याच्या किंवा नाशिकच्या संगणक अभियंत्याच्या हाती दिवस मोजकेच असतात.

या मोजक्या दिवसांत कागदपत्रांची जमवाजमव करायची म्हटले, तर ती अशक्यप्राय आहे. पोलीस पडताळणीचा दाखला, पदवीचे राज्य शासनाकडून प्रमाणीकरण, त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचे 'अपोस्टिल' आणि मग मान्यताप्राप्त अनुवादकाकडून स्पॅनिश भाषांतर, असा हा लांबलचक प्रवास आहे. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय कराराचा सदस्य असल्याने प्रक्रिया पूर्वीपेक्षा सुटसुटीत झाली खरी. पण ती माद्रिदमध्ये बसून उरकता येत नाही. भारतातून निघतानाच कागद तयार असतील, तरच स्पेनमधील वाट खुली राहते. नाहीतर मुंबईतील स्पॅनिश वकिलातीची रांगच बरी. तिथे आगमनाचा पुरावा मागण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण अर्जदार अजून निघालेलाच नसतो.

आणखी एक धोका आहे. फ्रान्सचा पर्यटक व्हिसा घेऊन मुक्काम मात्र स्पेनमध्येच ठोकायचा, असा प्रकार झाला, तर व्हिसाच्या मूळ हेतूविषयीच शंका उपस्थित होऊ शकते. ज्या देशात सर्वाधिक काळ राहायचे, त्याच देशाकडे व्हिसा मागायचा, हा शेंगेनचा मूलभूत नियम आहे. प्रवेशाचा पुरावा येथे दुधारी ठरतो. तो तारीख सिद्ध करतो, तसाच मार्गही उघड करतो.

शिक्का जाणार, नोंद राहणार

पारपत्रावरील शिक्काच आता इतिहासजमा होत आहे. युरोपीय संघाने २०१७ मध्ये कायदा करून आखलेली 'प्रवेश-निर्गमन प्रणाली' अनेकदा लांबणीवर पडल्यानंतर १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. ती सर्व सीमांवर पूर्णपणे लागू करण्यासाठी १० एप्रिल २०२६ ही तारीख ठरवण्यात आली. या प्रणालीत अल्पकालीन भेटीस येणाऱ्या परदेशी प्रवाशाचे नाव, पारपत्राचा तपशील, चेहऱ्याची प्रतिमा तसेच प्रवेशाची आणि निर्गमनाची तारीख, वेळ व ठिकाण संगणकात नोंदले जाते. व्हिसाविना येणाऱ्यांच्या बोटांचे ठसेही घेतले जातात. भारतीयांसारख्या व्हिसाधारकांचे ठसे व्हिसा देतानाच घेतलेले असल्याने ते या प्रणालीत पुन्हा साठवले जात नाहीत.

वरवर पाहता अर्जदाराची चिंता मिटली, असे वाटेल. पुसट शिक्का, चुकीच्या पानावर उमटलेला शिक्का, शिक्का मारायला विसरलेला अधिकारी हे सारे प्रकार थांबतील. पारपत्र हरवले, तरी नोंद कायम राहील. सर्वसाधारणपणे ती तीन वर्षे जपली जाते; निर्गमनाची नोंदच झाली नसेल, तर पाच वर्षे.

परंतु येथे एक सूक्ष्म बदल घडतो आणि तोच महत्त्वाचा आहे. शिक्का प्रवाशाच्या खिशात असे. नोंद सरकारच्या संगणकात असते. पूर्वी पुरावा नागरिकाजवळ होता आणि अधिकारी तो पाहण्यास मागत असे. आता पुरावा अधिकाऱ्याजवळ असेल आणि नागरिकाला तो मागावा लागेल. कायद्याने प्रवाशाला स्वतःची नोंद पाहण्याचा आणि चूक असल्यास दुरुस्त करून घेण्याचा हक्क दिला आहे. अशा अर्जाला उत्तर देण्यासाठी यंत्रणेला ४५ दिवसांची मुदत आहे. ज्याच्या एकूण वास्तव्याची मर्यादाच ९० दिवस, त्याचा निम्मा काळ उत्तराची वाट पाहण्यात जाऊ शकतो. वीस दिवसांचा व्हिसा असलेल्याला तर उत्तर मिळेपर्यंत परतावेच लागेल. शिल्लक दिवस तपासण्यासाठी ऑनलाइन सोयीची तरतूद आहे, पण ती दिवस सांगते. एखाद्या कार्यालयात सादर करता येईल असा दाखला देणे हा तिचा हेतू नाही.

शिवाय जुना पेच सुटत नाही. ही प्रणाली नोंद ठेवते ती शेंगेनच्या बाह्य सीमेवर. फ्रँकफर्टला उतरलेल्याची नोंद फ्रँकफर्टचीच होणार. तिथून तो माद्रिदला केव्हा पोहोचला, हे नव्या संगणकालाही कळणार नाही. तंत्रज्ञानाने शिक्क्याची जागा घेतली, तरी स्पेनमधील घोषणेची जागा काही घेतलेली नाही.

नोंद नाही, म्हणजे संशय

कायद्याचा कल कोणाकडे आहे, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. शेंगेन सीमा संहितेनुसार पारपत्रावर प्रवेशाचा शिक्का नसेल, तर त्या व्यक्तीने वास्तव्याच्या अटी मोडल्या आहेत, असे गृहीत धरण्याची मुभा अधिकाऱ्यांना आहे. नव्या प्रणालीतही हेच तत्त्व कायम आहे. फक्त शिक्क्याच्या जागी नोंद आली. हे गृहीतक खोडून काढता येते. त्यासाठी प्रवासाची तिकिटे किंवा त्या काळात शेंगेनबाहेर असल्याचा विश्वासार्ह पुरावा द्यावा लागतो. म्हणजेच निर्दोषत्व सिद्ध करण्याची जबाबदारी प्रवाशाची. चूक शिक्का न मारणाऱ्या अधिकाऱ्याची असली, तरी खुलासा करायचा तो प्रवाशाने.

अन्य देशांनी या बाबतीत काय केले, ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेने २०१३ मध्ये हवाई आणि सागरी मार्गाने येणाऱ्यांसाठी आगमनाचा कागदी आय-९४ अर्ज बंद केला; पण प्रवासी आपली नोंद संकेतस्थळावर पाहून तिची प्रत छापून घेऊ शकतो. सिंगापूरने जुलै २०२० मध्ये प्रवेशाचा शिक्का थांबवला आणि त्याऐवजी मुक्कामाची मुदत सांगणारा पास प्रवाशाच्या ई-मेलवर पाठवण्यास सुरुवात केली. दोन्हीकडे कागद गेला, पण पुरावा प्रवाशाच्या हातातून गेला नाही. थायलंडने जुलै २०२४ मध्ये आणलेल्या दूरस्थ कामाच्या व्हिसाने तर प्रश्नच उलटा केला. तिथे अर्ज थायलंडबाहेरूनच करावा लागतो आणि अर्जदार सध्या कोणत्या देशात आहे, याचा पुरावा मागितला जातो. 'आलात कधी' याऐवजी 'आहात कुठे' एवढाच काय तो फरक.

तारखेला पैशाचेही मोल

आगमनाची तारीख केवळ व्हिसापुरती मर्यादित नाही. स्पेनमध्ये एका कॅलेंडर वर्षात १८३ दिवसांहून अधिक राहणारी व्यक्ती तेथील करदाती ठरते. भारतात आर्थिक वर्षातील दिवस मोजले जातात आणि नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या भारतीयाच्या बाबतीत सर्वसाधारणपणे १८२ दिवसांची सीमारेषा निवासी की अनिवासी हे ठरवते. म्हणजे एकाच प्रवासाची तारीख दोन देशांच्या करखात्यांसाठी निर्णायक ठरू शकते. एक-दोन दिवसांच्या फरकाने कराचा बोजा बदलू शकतो.

भारतातून निघाल्याचा पुरावाही आता पूर्वीइतका ठळक राहील, असे नाही. केंद्र सरकारने जून २०२४ मध्ये दिल्लीत आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह आणखी काही विमानतळांवर सुरू केलेल्या जलद इमिग्रेशन योजनेत नोंदणीकृत प्रवासी स्वयंचलित ई-गेटमधून जातो. खिडकीपुढे ताटकळणे वाचते, ही सोय मोठीच. पण सोयीबरोबर कागदी खूणही विरळ होते, याचे भान प्रवाशाने ठेवायला हवे.

जबाबदारी कोणाची?

तूर्तास शहाणपणाचा मार्ग सावधगिरीचाच. स्पेनमधून अर्ज करायचा असेल, तर शक्यतो थेट स्पेनमध्येच शेंगेन प्रवेश होईल असा मार्ग निवडावा. दुसऱ्या देशातून जावे लागल्यास पहिल्या तीन कामकाजाच्या दिवसांत घोषणा करून तिची प्रत घ्यावी. भेटीची वेळ न मिळाल्यास ती मागितल्याचा पुरावा जपावा. बोर्डिंग पास, तिकीट आणि मुक्कामाच्या पावत्या परवाना हाती पडेपर्यंत सांभाळाव्यात. व्हिसावरील दिवस संपण्याची वाट न पाहता अर्ज दाखल करावा.

परंतु वैयक्तिक सावधगिरी हे सदोष व्यवस्थेचे उत्तर नव्हे. प्रवाशाचा चेहरा टिपणाऱ्या, त्याच्या प्रवेशाचा क्षण नोंदवणाऱ्या आणि मुदत संपताच त्याचे नाव आपोआप वेगळ्या यादीत टाकणाऱ्या यंत्रणेला त्याच क्षणी एक पडताळता येण्याजोगा दाखला देणे अवघड नाही. सिंगापूरला जे एका ई-मेलने साधते, ते २९ देशांच्या संघाला साधू नये, याला तांत्रिक कारण नाही. दूरस्थ काम करणाऱ्यांना आमंत्रण द्यायचे, त्यांच्या करावर आणि खर्चावर डोळा ठेवायचा आणि त्यांच्या आगमनाची नोंद आपल्याजवळ असूनही पुरावा त्यांनाच मागायचा, ही विसंगती फार काळ टिकणारी नाही. नोंद ठेवण्याचा अधिकार ज्याच्याकडे, दाखला देण्याचे कर्तव्यही त्याचेच असायला हवे. तोवर परदेशी निघणाऱ्याने लॅपटॉपइतकेच आपल्या बोर्डिंग पासलाही जपलेले बरे.